हॉटेलच्या खोलीत चाळीस दिवस: स्वस्त जेवणाच्या प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज संध्याकाळी हॉटेलात दाखल झाले. नव्या नोकरीचे निवासी प्रशिक्षण उद्यापासून सुरू होत असून ते १४ मार्चपर्यंत, म्हणजे एकूण ४० दिवस चालणार आहे. खोलीचे भाडे आणि सकाळचा नाश्ता कंपनीकडे आहे. दुपारच्या व रात्रीच्या जेवणासाठी दैनिक भत्ता मिळतो. नियुक्तिपत्रासोबत आलेले परिपत्रक मी दोनदा वाचले, कारण भत्ता ठोक मिळणार की बिले सादर केल्यावर झालेला खर्च भरून मिळणार, यावर या सगळ्या खटाटोपाला अर्थ आहे की नाही हे ठरणार होते. बिले द्यायची असती, तर काटकसर मी करायची आणि फायदा कंपनीचा व्हायचा. भत्ता ठोक आहे, त्यामुळे उरेल ते माझे. पहिला पूर्ण पगार हातात पडायला मार्चअखेर उजाडेल आणि तोवर घरी काही रक्कम पाठवायची आहे, म्हणून हे प्रकरण नोंदी ठेवूनच हाताळायचे ठरवले आहे.

हिशेब सोपा राहावा म्हणून एका दिवसाचा भत्ता म्हणजे १०० भाग असे धरते. रोजचा खर्च सरासरी ४० भागांच्या आत ठेवायचा, तोही पोटाला चिमटा न काढता, हे उद्दिष्ट.

खोलीत इलेक्ट्रिक किटली, दोन कप, एक टेबल आणि मिनीबारच्या बाटल्यांनी भरलेला गुडघ्याएवढा फ्रिज आहे. दारामागे लावलेल्या नियमपत्रकानुसार शेगडी, इंडक्शन किंवा अन्न तापवण्याचे दुसरे कोणतेही उपकरण खोलीत आणायला मनाई आहे. छताला स्मोक डिटेक्टर आहे आणि नियम रास्तही आहे, त्यामुळे पळवाट शोधायची नाही असे आजच ठरवून टाकले. उकळते पाणी एवढीच काय ती माझी चूल.

३ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्याच दिवशी उद्दिष्टाचा फज्जा उडाला. प्रशिक्षण सहाला संपले, ओळखपत्रे आणि लॅपटॉप मिळेपर्यंत सात वाजले आणि खोलीत शिरले तेव्हा साडेसात होऊन गेले होते. जवळ काहीच नव्हते आणि पुन्हा बाहेर पडण्याचे त्राण नव्हते, म्हणून फोन उचलून खोलीतच जेवण मागवले. या एका जेवणाला ७४ भाग लागले. बिल नीट पाहिले तेव्हा पदार्थाची छापील किंमत ५२ भागांचीच निघाली. बाकीचे २२ भाग खोलीपर्यंत ट्रे आणून देण्याचे शुल्क, सेवा आकार आणि कर यांत गेले. म्हणजे जवळजवळ तीस टक्के रक्कम मी न खाल्लेल्या गोष्टींसाठी मोजली. मेन्यूकार्डाच्या तळाशी हे सारे बारीक अक्षरांत लिहिलेले आहे, पण भुकेल्या माणसाची नजर तळापर्यंत पोहोचत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तहान लागल्यावर विहीर खणण्याचा कालचा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून प्रशिक्षण सुटताच वाटेतल्या दुकानातून दूध, दही, ब्रेड, केळी आणि शेंगदाणे आणले. शिवाय स्वयंपाकघरात वापरतात तसा एक लहान तापमापक घेतला. सोबतची प्रशिक्षणार्थी त्यावरून हसली. पण फ्रिजच्या भरवशावर सहा आठवडे काढायचे असतील, तर तो फ्रिज कितपत फ्रिज आहे हे आधी पाहिलेच पाहिजे. पेलाभर पाण्यात तापमापक बुडवून पेला आत ठेवला आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी पेल्यातल्या पाण्याचे तापमान ११ अंश सेल्सिअस होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या पाच सूत्रांनुसार नाशवंत आणि शिजवलेले पदार्थ शक्यतो ५ अंशांच्या खाली ठेवायचे असतात, गरम ठेवायचे असल्यास ६० अंशांच्या वर ठेवायचे असतात आणि शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला २ तासांपेक्षा जास्त राहू द्यायचे नसते. ११ अंश या कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. या फ्रिजचा आवाज येत नाही हे पहिल्या रात्रीच लक्षात आले होते. मागची पाटी वाचली तेव्हा कारण कळले: त्यात काँप्रेसर नाही, अमोनिया आणि पाण्याच्या मिश्रणाला उष्णता देऊन थंडावा निर्माण करणारी ती शोषण पद्धत आहे. अशा फ्रिजमध्ये वापरले जाणारे तिचे रूप १९२२मध्ये स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटेर्स या दोन विद्यार्थ्यांनी शोधले. झोपलेल्या पाहुण्याला आवाजाचा त्रास नको म्हणून हॉटेलांना ही पद्धत सोयीची वाटते. पण अशा फ्रिजला थंड व्हायला फार वेळ लागतो, आणि बाटलीतले पेय गार करणे व दूध टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत.

संध्याकाळी परतल्यावर पेल्यातले पाणी १९ अंशांवर गेलेले आढळले आणि दुधाला आंबूस वास येत होता. थोडा वेळ फ्रिजचे दार उघडझाप करून पाहिले, आतला दिवा लागतो का तेही पाहिले, आणि मग उलगडा झाला. दाराजवळच्या खाचेत की-कार्ड घातले की खोलीची वीज सुरू होते आणि कार्ड काढले की बंद होते. फ्रिजही त्याच जोडणीवर आहे. मी सकाळी आठला बाहेर पडते त्या क्षणापासून संध्याकाळी परतेपर्यंत तो फ्रिज म्हणजे निव्वळ कपाट असते. दूध आणि दही बेसिनमध्ये ओतून दिले. ९ भाग पाण्यात गेले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रिसेप्शनवर विचारले तेव्हा तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले, “मॅडम, औषधे ठेवायची असतील तर तसे सांगा, आम्ही दुसरा फ्रिज देतो.” औषधे नव्हती, आणि खोटे बोलून ज्याला खरोखर गरज आहे त्याचा फ्रिज अडवणे मला पटले नाही. दुसरे कार्ड मागून ते खाचेत कायमचे अडकवून ठेवता येते, असे एका अनुभवी सहकाऱ्याने सुचवले. पण मग दिवसभर रिकाम्या खोलीची सगळी वीज चालू राहणार, आणि एवढे करूनही तापमान ११ अंशच. तेव्हा फ्रिज नाहीच असे समजून पुढची आखणी करायची.

त्याच वेळी चालू बिल पाहून घेतले, तर त्यात मिनीबारमधल्या चार बाटल्यांचा आकार लागलेला दिसला. मी एकही उघडली नव्हती. दह्याच्या भांड्याला जागा व्हावी म्हणून त्या मंगळवारी बाहेर काढून टेबलावर ठेवल्या होत्या, इतकेच. या फ्रिजमध्ये बाटलीखाली संवेदक असतात. बाटली ठरावीक वेळाहून जास्त काळ जागेवर नसली की ती प्यायली असे समजून खात्यावर नोंद होते. बाटल्या दाखवल्यावर आकार रद्द झाला, तरी त्यात वीस मिनिटे गेली. जाताना मिनीबार पूर्ण रिकामा करून देण्याची विनंती केली आणि ती लगेच मान्य झाली. हे पहिल्या दिवशीच सांगायला हवे होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीचा दिवस असल्याने एक तास काढून नीट खरेदी केली. फ्रिज वजा केला, की यादी आपोआप आखूड आणि शहाणी होते. ओट्स, ब्रेड, शेंगदाणे, शेंगदाण्याचे बटर, दूध पावडर, मसुरीची डाळ, थोडे तांदूळ, हवाबंद डब्यातले चणे, केळी, सफरचंदे, गाजरे, काकड्या, टोमॅटो आणि लिंबे एवढे सामान घेतले. शिवाय अर्ध्या लिटरचा रुंद तोंडाचा स्टीलचा थर्मास, घट्ट झाकणाचे दोन डबे, एक वाडगा, एक चमचा आणि एक सुरी. थर्मास, डबे आणि तापमापक यांना मिळून एका दिवसाच्या भत्त्याहून थोडे अधिक लागले.

दुधाचा प्रश्न लहान खोक्यातल्या दुधाने सुटला. हे दूध किमान १३५ अंशांवर काही सेकंद तापवून निर्जंतुक करतात आणि निर्जंतुक खोक्यात भरतात, त्यामुळे खोके बंद असेपर्यंत ते फ्रिजशिवाय काही महिने राहते. एकदा उघडले की मात्र ते साध्या दुधासारखेच नाशवंत होते. म्हणून २०० मिलिलिटरचे खोके घ्यायचे आणि एका बैठकीत संपवायचे. लिटरमागे पाहिले, तर लहान खोके मोठ्यापेक्षा बरेच महाग पडते आणि दुकानात उभे असताना हात मोठ्याकडेच जातो. पण अर्धे फेकून दिलेले मोठे खोके लहानाहून महाग असते. ओट्सचे मात्र मोठे पाकीट घेतले, कारण ते सहा आठवड्यांत नक्की संपेल. वस्तू उघडल्यानंतर किती दिवस टिकते आणि तेवढ्या दिवसांत मी एकटी ती किती खाणार, हे दोन आकडे कळल्याशिवाय मोठ्या पाकिटाच्या स्वस्ताईवर विश्वास ठेवायचा नाही, असे ठरले.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या आठवड्याची सरासरी दिवसाला ८४ भाग निघाली. त्यात थर्मास वगैरे वस्तू आल्या, तरी सोमवारचे ते जेवण, बेसिनमध्ये गेलेले दूध आणि बाहेरची तीन जेवणेही आली. आकडा लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

किटलीविषयी. आमच्या बॅचमधल्या एकाने किटलीत थेट नूडल्स शिजवल्या आणि दुसऱ्याने अंडी उकडली. पहिल्याच्या किटलीच्या तळाशी पिठूळ थर करपून बसला आणि दुसऱ्याचे एक अंडे फुटून पुढचे तीन दिवस त्याच्या चहाला अंड्याचा वास येत राहिला. किटली केवळ पाण्यासाठी बनवलेली असते. पाणी उकळले, की वाफ एका नळीवाटे खाली उतरून दोन धातूंच्या जोडपत्तीला तापवते, पत्ती वाकते आणि वीज तुटते; झाकण उघडे ठेवले तर पुरेशी वाफ तिथवर पोहोचत नाही आणि किटली उकळतच राहते. दूध किंवा पीठ घातले, तर फेस वर चढून बाहेर येतो. शिवाय ही किटली माझ्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी वापरायची आहे. माझ्याआधी तिच्यात कुणी काय शिजवले असेल याचा विचार मनात आला, तेव्हा ती दोनदा पाणी उकळून आणि ते फेकून साफ केली.

ओट्स वाडग्यात घ्यायचे, त्यावर दोन चमचे दूध पावडर आणि चिमूटभर मीठ टाकायचे, उकळते पाणी ओतून बशी झाकायची आणि पाच मिनिटांनी केळे कापून घालायचे. रात्री उशिरा परतल्यावर एवढे जमते. जेवण म्हणून त्यात काही मौज नाही, पण शेंगदाण्याचे बटर चमचाभर ढवळले तर पोट सकाळपर्यंत भरलेले राहते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

थर्मासात डाळ-तांदूळ शिजवण्याचा पहिला प्रयोग फसला. ५० ग्रॅम मसूर डाळ आणि ३० ग्रॅम तांदूळ धुऊन थंड थर्मासात घातले, वरून उकळते पाणी ओतले आणि तासाभराने उघडले, तर तापमान ७१ अंश आणि डाळ मधोमध कच्ची. दाताखाली खडूसारखी लागली, तरी भूक होती म्हणून निम्मी खाल्ली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

चूक सापडली. थंड स्टील आणि थंड धान्य मिळून उकळत्या पाण्याची बरीच उष्णता पहिल्याच मिनिटात खाऊन टाकतात. आज आधी रिकामा थर्मास उकळत्या पाण्याने भरून दहा मिनिटे बंद ठेवला. दरम्यान धुतलेली डाळ आणि तांदूळ वाडग्यात गरम पाण्यात भिजत ठेवले. मग थर्मास रिकामा करून त्यात निथळलेले धान्य घातले, काठापर्यंत उकळते पाणी भरले, दहा मिनिटांनी ते पाणी ओतून टाकून पुन्हा नवे उकळते पाणी घातले आणि झाकण घट्ट लावून थर्मास टॉवेलात गुंडाळला. एका तासानंतर ८३ अंश, दोन तासांनंतर ७७. डाळ मऊ शिजली होती आणि तांदळाचा दाणा बोटांत सहज चिरडत होता. मीठ, लिंबू आणि बारीक चिरलेला टोमॅटो घालून खाल्ले. गेल्या दोन आठवड्यांतले हे पहिले गरम जेवण, ज्याचे बिल आले नाही.

निर्वात पोकळीचे हे भांडे जेम्स डेवर यांनी १८९२मध्ये अतिशीत द्रवरूप वायू साठवण्यासाठी बनवले होते. डाळीसाठी ते वापरले जाईल असे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

वेळेचे गणित उलटे करून पाहिले. संध्याकाळी दोन तास वाट पाहण्याएवढा धीर मला नाही, हे एव्हाना सिद्ध झाले आहे. म्हणून आज पहाटे उठून साडेसातला थर्मास भरला, नाश्ता करून आले आणि तो पिशवीत टाकून प्रशिक्षणाला गेले. दुपारी एकला झाकण उघडले तेव्हा तापमान ६३ अंश होते. ६० अंशांची रेषा सांभाळली गेली, पण थोडक्यात. म्हणून नियम असा, की सकाळी भरलेला थर्मास दुपारी एकच्या आत उघडायचा, पूर्ण संपवायचा आणि उरलेले रात्रीसाठी ठेवायचे नाही. भाताच्या बाबतीत याला विशेष कारण आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट अवस्थेत पडून राहिला की वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेल्या उलटीच्या विषावर पुन्हा गरम करण्याचाही परिणाम होत नाही.

सहकाऱ्यांना हा थर्मास पाहून उत्साह आला आणि एकाने त्याच पद्धतीने राजमा शिजवण्याचा बेत जाहीर केला. मी त्याला अडवले, आणि जरा जास्तच ठामपणे अडवले असेन. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाबांना पुरेसे ठरू शकतात. ते नष्ट करायचे तर राजमा निदान ५ तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात खळखळून उकळावा लागतो. किमान १० मिनिटे, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्ल्याप्रमाणे ३० मिनिटे. थर्मासात उकळी टिकतच नाही. ८० अंशांच्या आसपास दाणा मऊ होतो, पण विष जात नाही, उलट कच्च्यापेक्षा वाढल्याचेही आढळले आहे. खायचाच असेल तर हवाबंद डब्यातला राजमा घ्यावा, कारण तो डब्यातच उच्च तापमानावर पूर्ण शिजलेला असतो.

त्यावर तो म्हणाला, “ताई, डबा उघडणार कशाने?” प्रश्न बरोबर होता. मी आणलेल्या चण्यांच्या डब्यालाही ओढायची कडी नव्हती आणि गेले नऊ दिवस तो तसाच पडून होता. संध्याकाळी कॅन ओपनर आणला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुसऱ्या आठवड्याची सरासरी ५८ भाग होती. हा आठवडा बरा चालला आहे. थर्मासातले दुपारचे जेवण ८ ते ९ भागांत होते आणि केंद्राच्या कँटीनमधले ३५ भागांत, म्हणून आठवड्यातून तीन दिवस थर्मास आणि दोन दिवस कँटीन अशी विभागणी केली आहे. कँटीन पूर्ण सोडायचे नाही, कारण कामाच्या ज्या गोष्टी वर्गात सांगत नाहीत त्या तिथल्या टेबलावर कळतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाश्त्याबद्दल. भाड्यात नाश्ता आलेला आहे, तेव्हा तो पोटभर करायचा यात दुमत नाही. अंडी, फळे आणि दही घेते, कारण रात्रीच्या माझ्या थंड जेवणात नेमकी हीच उणीव राहते. प्रश्न असतो सोबत नेण्याचा. बुफेवरून उकडलेली अंडी आणि ब्रेड रुमालात बांधून नेणारे आमच्यात काही आहेत. मला ते अवघड वाटले, म्हणून बुफे सांभाळणाऱ्या बाईंना थेट विचारले. त्या म्हणाल्या, “फळ एखादे न्या हो, पण डबा भरू नका, आम्हाला उत्तर द्यावे लागते.” एक सफरचंद नेते. अंडे तर तसेही नेऊ नये. सोललेले किंवा न सोललेले, उकडलेले अंडे २ तासांपलीकडे बिनफ्रिजचे ठेवायचे नसते, आणि दुपारपर्यंत पिशवीत पाच तास होतात.

ते सफरचंद आणि मूठभर शेंगदाणे मी साडेपाचला, वर्ग सुटण्याच्या आधी खाते. यामागे नुसती चव नाही. गेल्या तीन आठवड्यांचे जादा खर्च कोणत्या वेळी झाले ते वहीत पाहिले, तर एक सोडून सगळे संध्याकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यानचे निघाले, आणि त्यातल्या प्रत्येक वेळी मी दुकानापाशी किंवा फोनपाशी पोहोचले तेव्हा उपाशी होते.

२३ फेब्रुवारी, रविवार

तिसऱ्या आठवड्याची सरासरी ४१. पैशांपुरते समाधान आहे, खाण्याविषयी नाही. आठवडाभरात चार वेळा कपातल्या नूडल्स खाल्ल्या गेल्या. पाकिटावर छापलेले मीठ मोजले, तर एका कपातच जवळपास ४ ग्रॅम निघाले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा संपूर्ण दिवसाला ५ ग्रॅमहून कमी आहे. आता हा कप आठवड्यातून एकदाच, तोही मसाल्याची अर्धी पुडी टाकून. त्याच संघटनेने सांगितलेली दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्या ही संख्या गाठणे हॉटेलात वाटते तितके कठीण नाही: नाश्त्यातले फळ, साडेपाचचे सफरचंद, रात्रीचे एक गाजर आणि एक टोमॅटो एवढ्यात ती होते. गाजर, कोबी, लिंबू, सफरचंद ही मंडळी फ्रिजशिवाय आठवडाभर सहज राहतात. काकडी तीन दिवस. पालेभाजी मात्र दुसऱ्या संध्याकाळी मान टाकते. धुऊन ओल्या ठेवलेल्या भाज्या आधी सडतात, हे गाजरांच्या पहिल्या जुडीने शिकवले, म्हणून आता खाण्याच्या वेळीच धुते.

रात्रीचे जेवण सध्या असे: डब्यातले चणे निथळून, दोनदा धुऊन (त्याने त्यातले मीठही कमी होते), त्यात टोमॅटो, काकडी, लिंबू, मिरपूड आणि शेंगदाणे. सोबत ब्रेड. डबा उघडला की तो संपवायचाच, म्हणून शेजारच्या खोलीतल्या सहप्रशिक्षणार्थीबरोबर निम्मा वाटून घेते. एक दिवस डबा माझा, एक दिवस तिचा. दोघींचे मिळून फेकणे जवळजवळ थांबले आहे. एकटीसाठी स्वस्त खाणे फार अवघड, दोघींसाठी पुष्कळ सोपे, हे मला या सबंध प्रकल्पात उशिरा सुचलेले आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणी परीक्षेचा आठवडा. सोमवार ते गुरुवार रोज नऊनंतर परतले आणि त्यांतल्या तीन रात्री बाहेरून मागवले. खोलीत अन्न नव्हते असे नाही. मसूर होती, चणे होते, गाजरे होती. पण डाळ भिजवायची होती, डबा उघडायचा होता, गाजर धुऊन चिरायचे होते, आणि बुधवारी रात्री साडेनऊला टेबलाजवळ उभी राहून मी त्या सगळ्या सामानाकडे पाहिले आणि फोन उचलला. म्हणजे स्वस्त अन्न जवळ असणे पुरेसे नाही. हात न हलवता तोंडात घालता येईल असे काही जवळ असायला हवे. माझ्या यादीतल्या सगळ्या वस्तू सुट्टीच्या दिवशी दुकानात उभ्या असलेल्या, झोप झालेल्या बाईने निवडलेल्या होत्या.

उद्यापासून कपाटातला वरचा खण वेगळा. त्यात ब्रेड, शेंगदाण्याचे बटर, केळी, कडी ओढून उघडणारे मक्याचे दोन डबे, दुधाचे लहान खोके आणि खजूर. यातले काहीही चिरावे, धुवावे किंवा भिजवावे लागत नाही. केळे तर सोलले की झाले. या वस्तू वजनामागे महाग आहेत आणि एरवी मी त्या घेतल्या नसत्या, पण त्यांची तुलना डाळीशी करायची नाही, बाहेरून मागवलेल्या जेवणाशी करायची. वरच्या खणातले जेवण १८ भागांत होते. बुधवारचे ६१ भागांत झाले होते.

२ मार्च, रविवार

चौथ्या आठवड्याची सरासरी ५२. त्यात काल बॅचबरोबर बाहेर घेतलेले जेवणही आहे. दर आठवड्याला एक जेवण सर्वांबरोबर, आधीच हिशेबात धरलेले, आणि त्या दिवशी बिलाकडे पाहून चेहरा पाडायचा नाही, असे मी दुसऱ्याच आठवड्यात ठरवले होते. पहिल्या वेळी बहाणा करून टाळले तेव्हा ४५ भाग वाचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना आपापसांत ठाऊक असलेल्या गोष्टी मला नव्याने विचाराव्या लागल्या.

६ मार्च, गुरुवार

मुंग्या. सोमवारी खजुराची पिशवी नीट बंद केली नव्हती आणि संध्याकाळी टेबलाच्या पायापासून कपाटापर्यंत रांग लागली होती. हाउसकीपिंगच्या मावशींनी फवारा मारला, काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळले की असे पाहुणे त्यांनी बरेच पाहिले आहेत. आता सगळे घट्ट झाकणाच्या डब्यांत. ओला कचरा रात्रीच्या रात्री पिशवीत गाठ मारून जिन्याजवळच्या मोठ्या डब्यात टाकते आणि वाडगा, चमचा, सुरी वापरल्या क्षणी स्वतःच्या स्पंजने धुऊन पुसून ठेवते. भांडी जास्त नसणे हाच त्यातला मोठा आधार आहे. एकच वाडगा असला, की तो धुतल्याशिवाय पुढचे जेवणच होत नाही.

९ मार्च, रविवार

पाचवा आठवडा: सरासरी ३७. वरचा खण दोनदा उपयोगी पडला. बाहेरून एकदाही मागवले नाही. नवी खरेदी आता मोजूनमापून, कारण शुक्रवारी निघायचे आहे. ओट्स चार वाडगे उरले आहेत, मसूर तीन वेळची, चण्यांचा एक डबा.

१४ मार्च, शुक्रवार

चेक-आउट. शेवटच्या पाच दिवसांची सरासरी ३५. सगळे ४० दिवस धरून सरासरी ५२ भाग पडली, म्हणजे ४०चे उद्दिष्ट एकूणात हुकले आणि फक्त अखेरच्या दोन आठवड्यांत गाठले गेले. हिशेबाच्या भाषेत १९ दिवसांचा भत्ता शिल्लक आहे आणि त्यातला बराचसा आजच घरी पाठवला. पहिला आठवडा पाचव्यासारखा गेला असता तर आणखी सुमारे सव्वातीन दिवसांची भर पडली असती; त्यासाठी लागणाऱ्या सगळ्या वस्तू पहिल्या संध्याकाळी दुकानात होत्याच, मीच गेले नव्हते.

अंतिम बिलात मिनीबारची एक बाटली होती. गेले पाच आठवडे तो फ्रिज रिकामा आहे, हे रिसेप्शनवरच्या माणसाने स्वतःच आठवून ती ओळ काढून टाकली. सामान घेऊन निघताना पुढच्या बॅचमधली एक मुलगी दोन बॅगा घेऊन तिथेच उभी होती आणि खोलीतले मेन्यूकार्ड कसे आहे असे विचारत होती. थर्मास मी ठेवून घेतला. कॅन ओपनर, न उघडलेला चण्यांचा डबा आणि उरलेले ओट्स तिच्या हातात दिले, आणि वर जाताच मिनीबार रिकामा करायला सांग, असे सांगितले.